बोंडातली परिभाषा

दसऱ्यानंतर जळगाव जिल्ह्यातल्या बोदवडच्या रस्त्यांवर कापसाने फुगलेले ट्रॅक्टर दिसू लागतात आणि जिनिंगच्या आवारात पांढरे ढीग चढत जातात. जीवशास्त्राच्या हिशेबाने तो सुट्या पेशींचा ढीग आहे. ह्यात अलंकार काही नाही. कापसाचा एकेक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी. रुंदी जेमतेम १५ ते २० मायक्रॉन, लांबी मात्र अडीच-तीन सेंटिमीटर. नुसत्या डोळ्यांनी दिसणारी, चिमटीत धरून ओढता येणारी पेशी बघायला सूक्ष्मदर्शक लागत नाही, कपाशीचं वावर पुरतं.

फूल उमलतं त्याच दिवशी कोवळ्या सरकीच्या सालीतल्या काही पेशी बाहेर डोकं काढतात आणि पुढचे तीनेक आठवडे नुसत्या लांबत राहतात. त्यांच्या आत साखर, पोटॅशियम आणि मॅलिक आम्लाचे क्षार साठतात, ते पाणी ओढतात, आणि त्या पाण्याच्या दाबाने पातळ भिंत ताणली जाते. मग लांबणं थांबतं आणि आतून भिंतीवर सेल्युलोजचे थर बसू लागतात. बोंड फुटलं की पाणी उडतं, पेशी मरते, पोकळ नळी चपटी होऊन तिला पीळ पडतो. हा पीळ पडतो म्हणूनच एक तंतू दुसऱ्याला धरतो आणि सूत निघतं. कोरडवाहू बोदवडमध्ये तंतू लांबण्याच्या दिवसांत पावसाने दडी मारली की धागा आखूड का होतो, त्याचं उत्तर ह्या पाण्याच्या दाबात आहे. आणि खरेदीच्या वेळी ज्या ‘मायक्रोनेअर’वरून भाव वर-खाली होतो, त्यात तंतूच्या बारीकपणाइतकीच त्या पेशीच्या भिंतीची जाडीही मोजली जात असते.

आता ह्या नळीला मराठीत ‘पेशी’ म्हणायचं, तर शब्दाची जराशी ओढाताण होते. पेशी म्हणजे मुळात मांसाचा गोळा, मांसाची पट्टी. सुश्रुताने माणसाच्या शरीरात ५०० पेशी मोजल्या, त्या आजच्या भाषेत स्नायू. गर्भाचं दुसऱ्या महिन्यातलं रूप सांगतानाही तो पिंड, पेशी आणि अर्बुद अशी तीन नावं घेतो: पिंड असेल तर मुलगा, पेशी असेल तर मुलगी, अर्बुद असेल तर नपुंसक. ह्या तिघांच्या नशिबी काय आलं बघा. पिंड श्राद्धाला गेला, अर्बुद कर्करोगाच्या दवाखान्यात गेलं, आणि पेशी शाळेच्या पुस्तकात. हिंदीने पेशीचा जुना अर्थ राखला. तिकडे मांसपेशी म्हणजे स्नायू, आणि आपल्या पेशीला ते कोशिका म्हणतात. आपण स्नायूला स्नायू म्हणतो, पण संस्कृतातला स्नायू म्हणजे हाडं बांधून ठेवणारी दोरी. एक शब्द सरकला की शेजारचेही सरकतात. बोदवडपासून मध्य प्रदेशाची हद्द फार लांब नाही. सीमेपलीकडच्या मुलाला ‘पेशी’ म्हटलं तर त्याला दंडातला गोळा आठवेल, नाहीतर कोर्टातली तारीख. ती कोर्टाची पेशी फारसीतली, तिचा ह्या मांसाशी संबंध नाही.

इंग्रजी ‘सेल’चा जन्म १६६५चा. रॉबर्ट हूकने बुचाचा पातळ काप भिंगाखाली धरला, त्याला रिकाम्या कप्प्यांची ओळ दिसली, आणि मठातल्या साधूच्या खोलीसाठी, मधमाशीच्या घरासाठी जो शब्द होता तो त्याने वापरला. हिंदीची ‘कोशिका’ ह्या कप्प्याच्या कल्पनेशी इमान राखून आहे. तरीही मला मराठीची निवड जास्त आवडते. हूकला भिंती दिसल्या, कारण त्याच्या बुचात भिंतींखेरीज काही उरलंच नव्हतं. राहणारा निघून गेलेल्या घराला त्याने नाव दिलं. आपला शब्द भिंतीचं नाव नाही, आतल्या ओल्या, जिवंत मालाचं आहे. वाळलेल्या कापसाला तो लागू करताना थोडं हसू येतं एवढंच.

ह्या वाळलेल्या पेशीची भिंत नव्वद टक्क्यांहून जास्त सेल्युलोजची. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायेन ह्याने १८३८ साली वनस्पतींतून हा पदार्थ वेगळा काढला, आणि पुढच्या वर्षी ‘सेल’वरूनच त्याचं नाव रूढ झालं. म्हणजे पेशीच्या आत काय आहे हे नीट कळायच्या आधी तिच्या भिंतीच्या मालाला तिचं नाव मिळून चुकलं होतं. आपण त्या मालाला ‘कर्बोदक’ ह्या मोठ्या घराण्यात घालतो.

कर्बोदक. कर्ब अधिक उदक. शब्द पाहिला तर कोळशावर पाणी शिंपडल्याचा भास होतो, आणि ज्यांनी मूळ जर्मन शब्द एकोणिसाव्या शतकात घडवला त्यांनाही तेच म्हणायचं होतं. ग्लुकोजमध्ये कर्बाचे ६ अणू आणि हायड्रोजन-ऑक्सिजन अगदी पाण्याच्या ६ रेणूंच्या मापात. पाक करपला की वाफ जाते आणि काळा कोळसा उरतो, तेव्हा हे खरंही वाटतं. पण ग्लुकोजमध्ये पाणी पाणी म्हणून कुठेच नसतं. हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगवेगळ्या तऱ्हेने कर्बाला जोडलेले असतात. व्हिनेगरमधलं अ‍ॅसेटिक आम्लसुद्धा त्याच मापात बसतं आणि ते कर्बोदक नाही; डीएनएतली डीऑक्सिरायबोज ही साखर मापात बसत नाही आणि ती कर्बोदक आहे. कल्पना चुकीची ठरली, नाव राहिलं. मराठीने ते भाषांतर करताना चूकही जशीच्या तशी उचलली, आणि इतक्या इमानदारीने की ‘हायड्रेट’मधला ग्रीक पाण्याचा शब्द आणि आपलं ‘उदक’ हे एकाच आदिम धातूचे निघतात. ‘कर्ब’ मात्र नुसता लॅटिन ‘कार्बो’चा मराठी सदरा घातलेला अवतार आहे. संस्कृतात त्याला बाप शोधू नये.

ह्या घराण्यातले दोन भाऊ बोदवडच्या प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी असतात. एक कापूस, दुसरा ज्वारीतलं पिठूळ सत्त्व. दोन्ही ग्लुकोजच्याच लांबच लांब माळा. ज्वारीत सगळे मणी एकाच बाजूला तोंड करून ओवलेले, त्यामुळे माळेला वेटोळं पडतं; कापसात दर दुसरा मणी उलटा, त्यामुळे माळ सरळ राहते. सरळ माळा एकमेकींना चिकटून बसतात, त्यांचे जुडगे होतात, मध्ये पाण्यालाही शिरायला जागा उरत नाही. वेटोळ्यांमध्ये पाणी शिरतं, पाचक रस शिरतो. म्हणून ज्वारीची भाकरी होते आणि कापसाचं लुगडं. मण्याची एक बाजू फिरली आणि एक भाऊ पोटात गेला, दुसरा अंगावर. गाय दोन्ही खाते. पण तीही कापसातल्या माळा स्वतः तोडत नाही. ते काम तिच्या पोटातले जंतू करतात.

ज्वारीतल्या त्या सत्त्वाला पुस्तकात ‘पिष्टमय पदार्थ’ म्हणतात. पिष्ट म्हणजे दळलेलं. त्यातूनच आपलं पीठ निघालं आणि पिष्टपेषणही. शास्त्रज्ञ जगभर वापरतात तो लॅटिन-ग्रीक शब्द मात्र ‘अमायलम’. त्याचा अर्थ? न दळलेलं. प्लिनीने कारणही सांगून ठेवलं आहे: हे सत्त्व जात्यावाचून निघतं. गहू पाण्यात भिजवायचा, फुगला की चेचायचा, गाळायचा आणि पांढरा साका तळाशी बसू द्यायचा. हे वाचून खानदेशातली कोणतीही बाई म्हणेल, ह्या तर कुरडया. तीन दिवस गहू भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, वाटून चोथा काढायचा, चीक निवळू द्यायचा आणि वरचं पाणी हलक्या हाताने ओतून टाकायचं. ‘चीक’ हा त्या सत्त्वासाठी आपल्याकडे हजर असलेला, रोजच्या वापरातला शब्द होता. परिभाषा करणाऱ्यांनी तो सोडून ‘पिष्ट’ घेतलं, ह्याचं मला वाईट वाटतं. पिठात प्रथिनं असतात, कोंडा असतो, चिकात बहुतेक स्टार्चच. इंग्रजी ‘स्टार्च’ ह्याहून तिसऱ्याच गावचा: त्याचा अर्थ ताठ करणारा, कारण त्यांची ओळख कपड्याच्या खळीतून झाली. एकच रेणू ग्रीकांना भांड्यात दिसला, आपल्याला जात्यावर आणि इंग्रजांना सदऱ्याच्या कॉलरवर.

रावेर-यावलकडे हाच रेणू केळीत भेटतो. हिरव्या केळाच्या गरात पाचव्या हिश्शाच्या आसपास स्टार्च असतो. पिकेपर्यंत तो जवळजवळ सगळा साखर होऊन गेलेला असतो. हे काम करणाऱ्या द्रव्यांना पाठ्यपुस्तक ‘विकर’ म्हणतं, विकार म्हणजे बदल घडवणारं. आधी ‘वितंचक’ असाही शब्द वापरात होता. तो जास्त घरचा होता असं मी म्हणेन, कारण संस्कृतात ‘आतंचन’ म्हणजे विरजण, आणि वितंचक त्याच कुळातला दिसतो. पण उच्चारायला अवघड, म्हणून मागे पडला.

खरी गंमत ‘पिकणं’ ह्या क्रियापदात आहे. ते ‘पक्व’वरून आलं आणि पक्व हे ‘पच्’ धातूवरून. पाक, पक्वान्न, पचन, पाचक, पिकणं, पीक, सगळं ह्या एकाच धातूचं कुटुंब. चुलीवर शिजतं ते, पोटात जिरतं ते आणि घडावर पिवळं होतं ते, ह्या तिन्हींना जुन्या बोलणाऱ्यांनी एकच क्रिया मानलं. आज रसायनशास्त्र दाखवतं की पिकत्या केळात आणि भाकरी चावणाऱ्या तोंडात एकाच जातीचं विकर, अमायलेज, स्टार्चच्या माळा तोडत असतं. चुलीवर तेच थोडं वेगळ्या वाटेने होतं, उष्णता माळा सैल करते. धातू करणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं, त्यांना फक्त दिसलं की कच्चं मऊ होतं आणि अंगी लागतं. ग्रीकमध्ये ह्याच धातूचा भाऊ पचनासाठी होता. त्यावरून थिओडोर श्वानने १८३६ साली जठरातल्या विकराला ‘पेप्सिन’ नाव दिलं, आणि त्यावरूनच पुढे प्रथिनांतल्या जोडणीला ‘पेप्टाइड’ म्हणू लागले. म्हणजे पिकलेलं केळ आणि पेप्टाइड नात्यात आहेत. अपचनावरून नाव पडलेली ती काळी बाटली आणि उन्हाळ्यात शाळेबाहेर प्लॅस्टिकच्या नळीत गोठलेली रंगीत ‘पेप्सी’, तीही लांबच्या नात्यात.

साखरेची कहाणी बहुतेकांना माहीत असते, तरी तिचा शेवटचा अंक सहसा सांगितला जात नाही. शर्करा म्हणजे खडा, वाळूचा कण. वैद्यांच्या ग्रंथात मुतखड्याच्या कचालाही शर्कराच म्हटलं आहे. प्राकृतात तिची सक्खरा झाली, मराठीत साखर. खडीसाखर म्हणताना आपण खडा हा अर्थ दोनदा उच्चारतो. तोच शब्द पश्चिमेला गेला, अरबांच्या तोंडी सुक्कर झाला, युरोप फिरून ‘शुगर’ होऊन आगबोटीतून परत आला. आज बोदवडच्या दवाखान्यात ‘शुगर निघाली, साखर बंद करा, रक्तातली शर्करा महिन्याने बघू’ हे वाक्य सहज ऐकू येतं. एकच शब्द तीन वेळा, आणि तिन्ही वेळा वेगळ्या अर्थाने: आजार, डब्यातली वस्तू आणि रेणू. कोणाचाही गोंधळ होत नाही.

तेलाकडे वळू. सरकीचं तेल हा शब्दप्रयोग शब्दशः घेतला तर ‘सरकीचं तिळाचं’ असा होतो, कारण तैल म्हणजे तिळाचं. पुस्तकात तेल-तुपाला ‘स्निग्ध पदार्थ’ म्हणतात. स्निह् म्हणजे चिकटणं, लागून राहणं. म्हणून स्नेह म्हणजे तेलही आणि मायाही. आयुर्वेदाचे चार स्नेह तूप, तेल, वसा आणि मज्जा. शाळेचं स्नेहसंमेलन ह्या हिशेबाने तेलातुपाचा मेळावा ठरतं. पण रसायनाच्या बाजूने पाहिलं तर ह्या स्नेहाचं सगळं कर्तृत्व त्याच्या वैरात आहे. तेलाचा रेणू पाण्याला जवळ करत नाही. पेशीच्या पटलातले स्निग्ध रेणू तर दुहेरी वागतात: डोकं पाण्याकडे, शेपट्या पाण्यापासून लांब. असे रेणू पाण्यात सोडले की ते आपले आपण दोन पदर करून उभे राहतात, शेपट्या आत, डोकी बाहेर. १९२५ साली गोर्टर आणि ग्रेंडेल ह्या दोघा डच संशोधकांनी तांबड्या रक्तपेशींतली चरबी काढून पाण्यावर पसरली. ती पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापत होती, आणि त्यावरून हे दोन पदर ओळखले गेले. त्या पदरांशिवाय आतलं आणि बाहेरचं असा भेदच उरला नसता. पेशी नावाची वस्तू मुळात उभी राहते ती पाण्याशी न जुळणाऱ्या ह्या स्नेहावर.

पटल मऊ, हलतं राहावं म्हणून मेदाम्लांच्या शेपट्यांना मध्येच बाक असावा लागतो. बाक असलेल्या शेपट्या दाटीने बसत नाहीत, म्हणून तेल पातळ. हायड्रोजन घालून तो बाक काढला की शेपट्या सरळ होतात, जवळ येतात आणि तेल थिजतं. हा उद्योग आपल्या जिल्ह्यातही मोठा झाला. १९४५च्या डिसेंबरात अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी निघाली ती वनस्पती तूप करायला. पुढे तिचीच विप्रो झाली. आणि ‘वनस्पती’ ह्या शब्दाचं काय झालं? मूळ अर्थ वनाचा स्वामी. मनुस्मृतीत तर फुलावाचून फळणाऱ्या वड-उंबरासारख्या झाडांनाच वनस्पती म्हटलं आहे. तो स्वामी पत्र्याच्या डब्यात गोठून आमच्या लहानपणीच्या लग्नांत बुंदी तळायला आला, आणि ‘वनस्पतीतलं आहे की तुपातलं?’ असा प्रश्न पंगतीत विचारला जाऊ लागला.

‘प्रथिन’ हा शब्द मात्र मला निर्दोष वाटतो. १८३८ साली स्वीडनच्या बर्झेलियसने डच रसायनशास्त्रज्ञ मुल्डरला पत्रातून ‘प्रोटीन’ हे नाव सुचवलं. अर्थ, पहिल्या मानाचं. मराठीत ‘प्रथम’वरून प्रथिन केलं. आवाज जुळला, अर्थ जुळला, आणि ग्रीक ‘प्रोटोस’ व आपलं ‘प्रथम’ एकाच मुळाचे. एका शब्दात ह्याहून जास्त काय मागायचं? पण प्रथिन ज्यांनी बनतं ती अमिनो आम्लं तशीच राहिली. ‘अमिनो’चा माग काढला तर अमोनिया लागतो, त्याच्या मागे इजिप्तकडच्या वाळवंटातल्या अमोन देवाच्या देवळाजवळचा क्षार, आणि तो क्षार म्हणजे आपला नवसागर. फारसी नौशादरचा मराठी माणसाने नऊ सागर करून टाकला. कल्हईवाला तापलेल्या पितळी पातेल्यात चिमूटभर नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघायचा आणि नाकाला झिणझिण्या यायच्या. डाळीतल्या-उसळीतल्या प्रत्येक अमिनो आम्लाच्या नावात तो धूर आहे. हातभट्टीवाल्यांनीही नवसागराला नाव मिळवून दिलं, पण ते वेगळ्या गुन्हे-नोंदवहीत.

आता एका शब्दाबद्दल थोडं भांडायचं आहे: ‘सेंद्रिय’. स अधिक इंद्रिय, म्हणजे ज्याला अवयव आहेत ते. सजीवांतली द्रव्यं फक्त सजीवच बनवू शकतात, अशी समजूत होती तेव्हा युरोपात ह्या अर्थाचा शब्द रुजला, आणि आपण तो भाषांतरित केला. १८२८ साली फ्रीड्रिख व्योलरने निर्जीव मानलेल्या अमोनियम सायनेटपासून युरिया तयार केला. युरिया तोवर मूत्रात सापडणारा, म्हणून पक्का सेंद्रिय. त्या भिंतीला पहिलं मोठं भगदाड पडलं ते युरियाने. आज बोदवडच्या कृषी सेवा केंद्रात ४५ किलोची युरियाची गोणी मागणारा शेतकरी आणि युरिया न वापरता ‘सेंद्रिय’ शेती करणारा शेतकरी हे एकमेकांचे विरुद्ध पक्ष आहेत. रसायनाच्या पुस्तकात ज्याला सेंद्रिय संयुग म्हणतात तेच बाजारात सेंद्रिय नसल्याची खूण झालं आहे. आणि सेंद्रियवाला ज्या गोमूत्राची शपथ घेतो त्यात युरिया असतोच. दोघांपैकी कोणी खोटं बोलत नाही; शब्दाचे दोन अर्थ एकमेकांना न विचारता वाढले. ‘सेंद्रिय कर्ब’ हा मात्र माती-परीक्षणाच्या कागदावरून शेतकऱ्याच्या तोंडी इतका सहज गेला आहे की ‘औंदा कर्ब कमी निघाला’ असं बांधावर बोललं जातं. परिभाषेतला शब्द जिवंत झाल्याची ह्याहून मोठी पावती नसते.

शब्दांची ही उठाठेव खानदेशाला नवी नाही. इतिहासाचार्य राजवाडे १९२६च्या ३१ डिसेंबरला धुळ्यात गेले, दुसऱ्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं, आणि त्यांचा धातुकोश व व्युत्पत्तिकोश त्यांच्या मागे छापले गेले. मराठीतला शब्द दिसला की त्याला हाताला धरून संस्कृत धातूपर्यंत पोचवायचं, ही त्यांची सवय. कधी ते वाटेत भलत्याच घरी शिरत, पण चालणं मोठं दमदार. आणि ज्यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोशाची परिभाषा ठरली ते तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे.

राजवाड्यांना आवडला असता असा शब्द ‘ऊती’. पेशींच्या समूहाला आपण ऊती म्हणतो. वे धातू, विणणं. त्याची ऊती म्हणजे विणकाम. ओतप्रोत ह्या शब्दात हाच धातू ताण्याबाण्यासकट बसला आहे. इंग्रजी ‘टिश्यू’ही फ्रेंच विणलेल्या कापडाचा. पुढे पेशीच्या आत गेलं की सगळा मागच लागतो: ग्रीक ‘मिटॉस’ म्हणजे ताण्याचा धागा, त्यावरून १८८२ साली फ्लेमिंगने पेशीच्या दुभंगण्याला ‘मायटोसिस’ म्हटलं, आपण सूत्री विभाजन म्हणतो. १८९८ साली बेंडाने धागा आणि दाणा मिळून ‘मायटोकाँड्रिया’ केलं, आपली तंतुकणिका. विभाजनाच्या वेळी जे धागे ओढाओढ करतात ते पाठ्यपुस्तकात ‘तुर्कतंतू’ म्हणून येतात. वर्गातल्या पोरांना त्यात तुर्क दिसतात, आणि दोष पोरांचा नाही. मूळ शब्द तर्कू, म्हणजे चाती. टकळी ह्याच गोतावळ्यातली. एक उकार हलला आणि सूतकताईची चाती थेट इस्तंबूलला गेली.

ह्या सगळ्यांत ‘गुणसूत्र’ हा माझा आवडता. मूळ शब्द ‘क्रोमोसोम’, वाल्डेयरने १८८८ साली दिलेला, अर्थ रंगीत अंग. कारण रंग लावला की ते चटकन रंगायचं. मराठीने रंग सोडून दिला आणि आई-बापांचे गुण वाहणारं सूत्र असं नवं नाव केलं. पण संस्कृतात गुण म्हणजे दोरीचा पदर, धनुष्याची दोरी. त्रिगुण म्हणजे तीन पदरी, द्विगुण म्हणजे दोन पदरी, म्हणून दुप्पट; गुणाकारही तिथलाच. तेव्हा गुणसूत्र म्हणजे नकळत ‘पदरांचं सूत’. करणाऱ्यांना ते अभिप्रेत नसेल, पण आत असलेला डीएनए १९५३ साली दोन पदरांचा पीळ निघाला. त्या शोधाच्या मागेही वस्त्रोद्योग उभा आहे. इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठात विल्यम अ‍ॅस्टबरी लोकरीच्या तंतूंवर क्ष-किरण टाकून त्यांची रचना शोधत होता, कापडगिरण्यांच्या कामासाठी. १९३८ साली त्याने आणि फ्लॉरेन्स बेलने त्याच तऱ्हेने डीएनएच्या धाग्याची छायाचित्रं प्रसिद्ध केली. रोझालिंड फ्रँकलिनचं गाजलेलं छायाचित्रही डीएनएचा ओला धागा ओढून, ताणून घेतलेलं. धाग्यांची पारख करणाऱ्यांच्या हत्याराने वंशाचा धागा सापडला.

आणि तो धागा बोदवडच्या कपाशीत आता उसना आहे. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली, आणि ‘बीटी’ हा मराठीतला स्त्रीलिंगी शब्द झाला: ‘बीटी लावली’, ‘बीटी फुटली नाही’. बऱ्याच जणांना त्यात ‘बी’ म्हणजे बियाणं ऐकू येतं. बी आहे ते ‘बॅसिलस’चं, म्हणजे काडीच्या आकाराच्या जंतूचं, टी आहे तो जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांताचा, कारण त्या जंतूला हे नाव मिळालं ते तिकडच्या नमुन्यावरून. जंतूचा जो जनुक कपाशीत घातला तो एक प्रथिन बनवतो. जंतूच्या अंगात त्याचे स्फटिक होतात, म्हणून प्रथिनाचं नाव स्फटिकाच्या इंग्रजी शब्दावरून ‘क्राय’. बोंडअळीच्या आतड्यात ते पेशींच्या पटलाला चिकटतं आणि त्या दोन पदरी स्नेहाला भोक पाडतं. बाहेरचं पाणी आत घुसतं, पेशी फुगते आणि फुटते. ज्या पाण्याच्या दाबाने कापसाचा तंतू लांबतो, तसाच दाब इथे अळीच्या पेशीचा जीव घेतो. म्हणजे घेत होता. गुलाबी बोंडअळीने ह्या प्रथिनाला दाद देणं हळूहळू सोडलं, आणि २०१७च्या हंगामात महाराष्ट्रभर बोंडं आतून पोखरलेली निघाली. तरी पिशवीवर बीटी छापलेलं असतं आणि दुकानात शेतकरी बीटीच मागतो. अळीसाठी तो शब्द आता बराचसा पोकळ झाला आहे. बाजारात त्याचा अर्थ नुसता ‘कपाशीचं बियाणं’ एवढाच उरला आहे.